विश्लेषण : आयटी सोडून एडटेककडे? साताऱ्या-सांगलीच्या अभियंत्यांनी आधी काय तपासावे?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याची चर्चा हिंजवडी आणि खराडीपुरती राहिली नाही. कऱ्हाड, कोरेगाव, वाळवा, तासगावातल्या घरांमध्येही फोन वाजले. सांगलीचे वालचंद, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचे राजारामबापू, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अशा महाविद्यालयांतून पदवी घेऊन दरवर्षी मुले-मुली महामार्गाने पुण्याला जातात. त्यांच्या पगारावर घराचे हप्ते चालतात, धाकट्याची फी भरली जाते. त्यामुळे आयटीतली नोकरी डळमळली की पुढचा पर्याय काय, हा प्रश्न एकट्याचा राहत नाही.

या पर्यायांत एडटेकचे, म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञानाचे, नाव हमखास येते. ‘कोडिंग येते, शिकवायला आवडते, मग हेच का नको?’ असा सरळ हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. याच क्षेत्रात देशातली सर्वांत मोठी कंपनी कोसळली आहे आणि याच क्षेत्रातली दुसरी एक कंपनी शेअर बाजारात आली आहे. बदलाचा बेत आखण्यापूर्वी या दोन टोकांमधला भाग समजून घ्यायला हवा.

एडटेक म्हणजे फक्त शिकवणीचे ॲप नव्हे

एडटेक म्हटले की क्रिकेटपटूंच्या जर्सीवरची जाहिरात आठवते. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली निदान ४ वेगवेगळे धंदे चालतात आणि त्यांचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो. पालकांच्या खिशातून चालणारी शिकवणी आणि स्पर्धा परीक्षांची ॲप्स हा एक. शाळा, महाविद्यालये आणि खासगी क्लासना हजेरी, फी, परीक्षा यांचे सॉफ्टवेअर विकणारे दुसरे. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या प्रणाली तिसऱ्या. आणि चौथे, सरकार व स्वयंसेवी संस्थांच्या पैशांवर चालणारे सार्वजनिक शिक्षणाचे काम.

चौथा प्रकार मराठी घरांत रोज वापरला जातो, पण त्याला कोणी एडटेक म्हणत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठ उघडते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा ‘सनबर्ड’ नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे आहे आणि ती प्रणाली नीलेकणी दांपत्याच्या एकस्टेप फाउंडेशनने घडवली. म्हणजे चौथीच्या मुलीने कोड स्कॅन केल्यावर जे चालते, त्यामागे सर्व्हर, डेटाबेस, एपीआय, चाचणी हे सगळे आयटीचेच काम आहे. मुक्तस्रोत असल्याने त्याचा कोड कोणीही वाचू शकतो. नोकरी न बदलता या क्षेत्राची चव घेण्याचा हा फुकटचा मार्ग आहे आणि फार थोडे अभियंते तो वापरतात.

पुस्तकावरच्या क्यूआर कोडची गोष्ट शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना खरे तर आयटी अभियंता व्हायचे होते. अभियांत्रिकीचे शिक्षण अपेक्षेप्रमाणे झाले नाही आणि वडिलांच्या सांगण्यावरून ते अध्यापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळले. २००९ मध्ये शाळेत रुजू झाल्यावर त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून ध्वनिफिती आणि चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचवल्या. २०१७ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांसाठी ही कल्पना स्वीकारली, पुढे एनसीईआरटीनेही तीच वाट धरली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटली. क्यूआर कोड हे काही नवे तंत्रज्ञान नव्हते. वर्गातल्या मुलाला नेमके कुठे अडते हे माहीत असलेल्या माणसाच्या हाती ते पडले, एवढाच फरक.

बायजूजच्या पडझडीतून नोकरी शोधणाऱ्याने काय घ्यावे?

बायजूजची कहाणी संस्थापकाच्या चढउताराची म्हणून सांगितली जाते. नोकरी बदलू पाहणाऱ्याने ती ताळेबंदाची गोष्ट म्हणून वाचावी.

२०२२ मध्ये या कंपनीचे मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २०२०-२१ या आर्थिक वर्षाचे लेखापरीक्षित आकडे तब्बल दीड वर्ष उशिराने बाहेर आले आणि त्यात साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा दिसला. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइटने राजीनामा दिला. २०२१-२२ चे आकडे थेट जानेवारी २०२४ मध्ये आले, तोटा ८ हजार २४५ कोटी. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. तीही बीसीसीआयच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून.

या तारखा क्रमाने पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. धोक्याची घंटा कर्मचारी कपातीच्या बातम्यांतून नव्हे, तर न आलेल्या हिशेबातून वाजत होती. कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची आर्थिक विवरणपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून पाहता येतात. मुलाखतीसाठी ५० तास डेटा स्ट्रक्चर घोटणारा अभियंता कंपनीचा ताळेबंद पाहायला अर्धा तास देत नाही, हे विचित्र आहे. शेवटचे वार्षिक विवरण कोणत्या वर्षाचे आहे, लेखापरीक्षक बदलला आहे का, पैसा फीमधून येतो की गुंतवणूकदारांकडून, एवढे तीन प्रश्न पुरतात.

दुसऱ्या टोकाला फिजिक्सवाला आहे. यूट्यूबवरच्या धड्यांपासून सुरू झालेली ही कंपनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ३ हजार ४८० कोटी रुपयांची भागविक्री करून शेअर बाजारात नोंदली गेली. मात्र तिने दरम्यानच्या काळात गावोगावी प्रत्यक्ष वर्गही उघडले. पालक मोबाइलवरच्या धड्यासाठी एका मर्यादेपलीकडे पैसे मोजत नाहीत, समोर फळा आणि शिक्षक दिसला की मोजतात, हे या धंद्याने करोनानंतर शिकलेले सत्य आहे.

आणि ‘एआयमुळे आयटी सोडतोय’ असे म्हणत एडटेककडे येणाऱ्यांसाठी एक नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : चेग. विद्यार्थ्यांना गृहपाठात मदत करणारी ही अमेरिकी कंपनी. चॅटजीपीटीचा फटका बसत असल्याची कबुली तिने मे २०२३ मध्ये दिली आणि एका दिवसात तिचा शेअर जवळपास निम्म्यावर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ४५ टक्के कर्मचारी कमी केले. एआयपासून पळून एडटेकमध्ये येणे म्हणजे पावसापासून वाचण्यासाठी पन्हाळीखाली उभे राहण्यासारखे आहे. तयार उत्तरे विकणारी कामे तर आयटीच्याही आधी गेली.

आयटीतले काय कामाला येते, काय नाही?

कोड लिहिणे, चाचणी, क्लाउड, डेटा विश्लेषण, प्रकल्प व्यवस्थापन ही कौशल्ये जशीच्या तशी चालतात. त्यात फारसे सांगण्यासारखे काही नाही. सपोर्टमध्ये ३ वर्षे काढलेल्यांची स्वतःबद्दलची कल्पना मात्र उगाच कमी असते. शाळेच्या मुख्याध्यापकांना नवी प्रणाली लावून देणे, त्यांच्या तक्रारी ऐकणे, न चिडता तेच पुन्हा समजावणे हे काम शाळांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचा कणा आहे आणि सपोर्टचा माणूस ते उत्तम करतो.

जे चालत नाही, ते यशाचे माप. आयटीत स्क्रीनवर लोक जास्त वेळ थांबले की उत्पादन चांगले. शिक्षणात मूल एका गणितावर २० मिनिटे थांबले, तर ते रमले आहे की अडले आहे हे आकड्यावरून कळत नाही. ‘रोजचे सक्रिय वापरकर्ते’ वाढले आणि भागाकार कोणालाच आला नाही, असे होऊ शकते. मूल काय करू शकले म्हणजे शिकले, हे आधी ठरवून मग धडा, सराव आणि चाचणी रचण्याला ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणतात. बेंजामिन ब्लूम यांची १९५६ ची उद्दिष्टांची वर्गवारी आणि तिची २००१ ची सुधारित आवृत्ती इथे अजूनही पायाभूत मानली जाते. आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती असा तो क्रम. बाजारातली बहुतेक ॲप्स पहिल्या दोन पायऱ्यांवरच घुटमळतात.

आणखी एक बदल कायद्याचा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्याच्या हालचालींचा माग काढणे आणि त्याला नेमून जाहिराती दाखवणे यावर बंदी आहे, शैक्षणिक संस्थांना मर्यादित सवलत आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. शाळकरी मुलांसाठी ॲप बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे बसवून देणारे लोक लागणार आहेत. बँक किंवा विमा क्षेत्रातल्या प्रकल्पांवर माहितीच्या गोपनीयतेचे काम केलेल्यांची बाजू इथे आपोआप वरचढ ठरते.

गावाकडचे मराठी हेच भांडवल

पुण्या-बंगळुरूच्या स्पर्धेत साताऱ्या-सांगलीच्या उमेदवाराकडे इतरांकडे नसलेले काय आहे? इंग्रजी कच्चे असल्याची खंत बाळगणाऱ्या अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण उत्तर आहे मराठी शाळेचा अनुभव.

सेमी इंग्रजीचेच उदाहरण घ्या. या दोन जिल्ह्यांतल्या असंख्य शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून असतात. आठवीचा मुलगा ‘फोटोसिंथेसिस’ शिकतो, इतिहास मात्र मराठीत. ॲप सुरू करताना ‘मराठी की इंग्रजी’ असा एकच पर्याय विचारला, तर या मुलाने काय निवडायचे? बंगळुरूत बसलेल्या डिझायनरला हा प्रश्न पडतच नाही. सेमीतून शिकलेल्याला तो पहिल्या मिनिटाला पडतो.

दुसरे उदाहरण अंकांचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या बरोबरीने ‘वीस दोन’ असे वाचन आले आणि राज्यभर वाद पेटला. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, पण लिहिताना दोन आधी येतो, त्यामुळे लहान मुले ७२ लिहितात, हे त्यामागचे कारण. वादात कोणाचे बरोबर हा मुद्दा वेगळा. अंक बोलून दाखवणारे ॲप बनवणाऱ्याला ही अडचण आधीच ठाऊक हवी. इंग्रजीतल्या ‘ट्वेंटी-सेव्हन’मध्ये ती नाही, त्यामुळे इंग्रजी ॲपचे नुसते भाषांतर केले की ती सुटून जाते.

तिसरे खास अभियंत्यांसाठी. ‘साताऱ्यात’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होऊ शकतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. आपोआप गुण देणाऱ्या चाचणीत एका मुलाचे ‘ताऱ्यांची’ बरोबर ठरते आणि शेजारच्या मुलाचे तेच उत्तर चूक. मुलाला काय सांगणार? ल आणि श यांचेही तसेच. मराठी पुस्तकातला ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा दिसतो. पानावर भाषेची खूण ‘मराठी’ अशी नसेल किंवा फॉन्टमध्ये मराठी रूपे नसतील, तर पहिलीच्या मुलाला मोबाइलवर भलतेच अक्षर दिसते. शब्दांची तुलना करण्यापूर्वी त्यांचे एकसारखे रूप करून घेणे हे चार ओळींचे काम आहे. पण ते करायला हवे हे कळण्यासाठी मराठी लिहिता-वाचता यावे लागते.

त्यात २०२५-२६ पासून राज्याचा शालेय अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. इयत्तेमागून इयत्तेची पुस्तके बदलली की त्यावर बेतलेले धडे, प्रश्नसंच, ध्वनिफिती सगळे नव्याने करावे लागते. मराठीत चांगले काम करणाऱ्यांना त्यामुळे पुढची काही वर्षे तरी मागणी राहील, असे मानायला जागा आहे.

वडगावचा भोंगा आणि माणमधला फोन

आपले उत्पादन ज्यांच्यासाठी आहे ती माणसे कशी जगतात, हे कार्यालयात बसून कळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे बोलतात किंवा वाचतात. साडेआठला पुन्हा भोंगा. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून ग्रामसभेत हा ठराव झाला.

बहुतेक शिकवणी ॲप्सचे थेट वर्ग नेमके संध्याकाळीच असतात. म्हणजे अभ्यासाच्या खऱ्या वेळेला हे गाव ॲप बंद ठेवते. एडटेकमध्ये जाणाऱ्याने या गावात एक संध्याकाळ घालवावी आणि स्वतःला विचारावे, की आपले ॲप या दीड तासाला मदत करते की त्याच्याशी भांडते? छापता येणारी सरावपत्रिका, आधी उतरवून ठेवता येणारा धडा, पालकाच्या फोनवर आठवड्याला एकच संदेश, अशी उत्तरे मग सुचू लागतात.

सातारा जिल्ह्यातले उदाहरण उलट्या दिशेचे आहे. माण तालुक्यातील विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी टाळेबंदीत साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवर मुलांना गोष्टी सांगितल्या. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, तरी वर्ग भरला. तंत्रज्ञान जितके कमी तितकी पोहोच जास्त, असा हा अनुभव.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. केंद्राच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे तिनातल्या एका शाळेत ते नव्हतेच. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांबाबत ‘असर’ २०२४ च्या पाहणीत ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसले. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काही ना काही शिक्षणासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते.

साताऱ्या-सांगलीत राहून हे जमेल का?

स्पष्टच सांगायचे तर मोठ्या एडटेक कंपन्यांची कार्यालये बंगळुरू, नोएडा, दिल्ली परिसर, मुंबई आणि काही प्रमाणात पुण्यात आहेत. विश्रामबागेत किंवा पोवई नाक्यावर नोकरीची पाटी लागलेली नाही. गावी परतण्याच्या इच्छेने हा बदल करणाऱ्यांनी ‘घरून काम’ हे नियुक्तिपत्रात लिहून घेतले पाहिजे. तोंडी आश्वासन पहिल्याच धोरणबदलात उडते.

तरीही जिल्ह्यात काहीच नाही असे नाही. साताऱ्यात मुख्यालय असलेली रयत शिक्षण संस्था १९१९ पासून उभी आहे. तिच्या आणि इतर संस्थांच्या शेकडो शाळा-महाविद्यालयांना नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून श्रेयांक बँक, अपार क्रमांक, ऑनलाइन मूल्यांकन यांची कामे वाढली आहेत. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी केंद्रांचे जाळे तालुक्याच्या गावांपर्यंत आहे. कऱ्हाड, विटा, फलटण, मिरजेतल्या पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या अकादम्यांना चाचण्या आणि फीचे हिशेब हवे असतात. मात्र हा शेवटचा बाजार वाटतो तितका मोकळा नाही. क्लासप्लससारख्या कंपन्या क्लासच्या नावाने तयार ॲप देतात. अकादमीच्या मालकाला ‘तुमच्यासाठी ॲप बनवतो’ म्हणणाऱ्या तरुणाकडे त्या किमतीत देता येईल असे वेगळे काहीतरी असावे लागते. बहुधा ते मराठीतले चांगले प्रश्नसंच असतात, कोड नव्हे.

फलटणचा उल्लेख आला म्हणून : मूळच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मराठी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीवर तिथे झालेले काम राज्यात ओळखले जाते. प्राथमिक वाचनाचे ॲप बनवू पाहणाऱ्याला त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीतल्या भाषणांपेक्षा फलटणचा रस्ता जवळचा आहे.

पैशांचे गणित कसे मांडावे?

सुरुवातीला पगार कमी होण्याची तयारी ठेवावी, विशेषतः भूमिका बदलत असेल तर. अभियंता म्हणूनच गेलात तर घट कमी, पाठ्यरचना किंवा स्वयंसेवी संस्थेकडे गेलात तर जास्त. म्हणून आधी घरात बसून ३ आकडे काढावेत : महिन्याचा न टळणारा खर्च, बाकी कर्जाचे हप्ते आणि हातात असलेली मोकळी रक्कम. मोकळ्या रकमेत निदान ६ महिन्यांचा खर्च बसत नसेल, तर राजीनामा लांबवावा. उसाच्या बिलाच्या भरवशावर हा हिशेब करू नये, ते कधी येईल हे कारखानाही सांगत नाही.

तारखेलाही किंमत असते. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याची सलग ५ वर्षे सेवा लागते. शेवटचे मूळ वेतन महिना ४० हजार असेल, तर ५ वर्षांची ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ या सूत्राने सुमारे १ लाख १५ हजार रुपये होते. ४ वर्षे ३ महिने झाले असताना घाईने बाहेर पडणारा ही रक्कम टेबलावर सोडून जातो. भविष्य निर्वाह निधी काढू नये, नव्या खात्यात वळवावा. ५ वर्षांआधी काढल्यास त्यावर करही बसू शकतो. नव्या कंपनीत पहिल्या ३ महिन्यांत पीएफचे पासबुक तपासावे. पगार झाला पण पीएफ जमा नाही, ही कंपनी अडचणीत असल्याची पहिली खूण असते.

आई-वडिलांचा आरोग्य विमा हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. आयटी कंपनीच्या गटविम्यात आई-वडील असतील, तर शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपते. लहान स्टार्टअपमध्ये ते असतेच असे नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे नोटीस कालावधीतच विचारावे. साठीच्या वडिलांना मधुमेह असताना नव्याने पॉलिसी घेणे किती अवघड आणि महाग पडते, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे.

पगारातली घट ‘ईसॉप’ने, म्हणजे कंपनीच्या शेअर पर्यायांनी, भरून काढू असे सांगितले जाते. नोंदणी नसलेल्या कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही, आणि पर्याय वापरून शेअर घेतले की हातात रोख येण्याआधीच कर लागू शकतो. घराचा हप्ता ईसॉपने भरता येत नाही. हिशेबात त्याची किंमत शून्य धरावी. मिळाले तर दिवाळी.

शिकायचे काय आणि चाचपणी कशी करायची?

एडटेकमध्ये काम करायला बी.एड. लागत नाही. ते आणि टीईटी शाळेत शिक्षक होण्यासाठी. पूर्णवेळ अभ्यासायचे असेल तर आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात संशोधन चालते, एसएनडीटी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षण विषयातले एम.ए. करता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना स्वयम् आणि एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर मराठी ध्वनीसह धडे आहेत. तंत्राच्या बाजूने मूडल ही मुक्तस्रोत प्रणाली स्वतः बसवून पाहावी, एच५पीमध्ये परस्परसंवादी सराव तयार करावेत, धड्यांची देवाणघेवाण ज्या स्कॉर्म मानकाने होते ते समजून घ्यावे. आयटीतल्या माणसाला हे फार तर महिनाभराचे काम आहे.

प्रमाणपत्रांपेक्षा उपयोगी पडते ती प्रत्यक्ष केलेली एखादी गोष्ट, आणि तिच्यासाठी हे दोन जिल्हे सोयीचे आहेत. आयटीला शनिवारी सुट्टी असते आणि जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळी भरतात. शुक्रवारी रात्री गावी आलेल्या अभियंत्याला मुख्याध्यापकांची आणि गरज असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन सकाळी शाळेत बसता येते. पाचवीचा एकच घटक घ्यावा, समजा अपूर्णांक. शिक्षक तो कसा शिकवतात हे पहिल्या शनिवारी फक्त पाहावे, मध्ये बोलू नये. दुसऱ्या शनिवारी १० मुलांना छोटी चाचणी द्यावी. मधल्या आठवड्यात सराव तयार करावा आणि तिसऱ्या शनिवारी तो मुलांच्या हाती देऊन मागे उभे राहावे. मुले कुठे चुकीचे बटण दाबतात, कुठे शेजाऱ्याला विचारतात, १/४ हा १/३ पेक्षा मोठा असे किती जण ठामपणे सांगतात, हे लिहून ठेवावे. चौथ्या शनिवारी तशीच दुसरी चाचणी. मुलांची नावे, छायाचित्रे कुठेही टाकू नयेत.

या ४ शनिवारांचे २ पानी टिपण मुलाखतीत १० प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते. आणि तिसऱ्या शनिवारीच कंटाळा आला, मुलांचा गोंगाट सहन झाला नाही, तर तेही पगार सुरू असतानाच कळते. मग क्षेत्र न बदलता सध्याच्याच कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जागा आहे का, हे विचारून पाहता येते. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्याने भरती झालेल्यांना शिकवणारे वेगळे विभाग असतात, आणि त्यांना गेल्या वर्षी प्रकल्पावर काम केलेला, पण समजावून सांगता येणारा माणूस हवाच असतो.

परवानगीचा अर्ज मात्र जून सोडून द्यावा. प्रवेश, पाठ्यपुस्तकवाटप आणि यूडायसची माहिती भरण्याच्या गडबडीत मुख्याध्यापकांना त्या महिन्यात मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे शनिवार त्यासाठी बरे.